वाऱ्यासाठी एक दिवस

मुलांनो, प्रवासाची तयारी म्हणजे काय, असे तुम्हांला कोणी विचारले तर तुम्ही म्हणाल, ‘कपडे भरावेत, फराळाचे डबे बांधावेत, तिकिटे काढावीत आणि निघावे.’ मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. परंतु माझ्या नातीने एकदा एका दूरच्या प्रवासाची आखणी केली आणि ती तपासता तपासता या विषयाचा एक नवा पाठ मलाच मिळाला. तो आज तुम्हांला सांगतो.

नात त्या वेळी सातवीत होती. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सर्वांनी ग्रीस देशातील बेटे पाहावयास जावे, असे माझ्या मुलाने ठरविले. हे ऐकून मला किती आनंद झाला, काय सांगू! मी शाळेत शिकवीत असताना आमच्या वर्गाच्या भिंतीवर प्राचीन ग्रीसचा एक जुना नकाशा टांगलेला असे. त्या नकाशातील निळ्या समुद्रात टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका होता. त्याचे नाव डेलोस. त्या ठिपक्यावर पट्टी ठेवून मी वर्षानुवर्षे मुलांना त्याची कथा सांगितली होती. पाहिला मात्र तो कधीच नव्हता.

“आखणी मी करणार!” असे नातीने जाहीर केले. चार दिवसांनी ती एक कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. “आजोबा, तपासा. पण लाल पेन्सिल वापरायची नाही हं!”

मी म्हटले, “बरे. खोडणार नाही, फक्त प्रश्न विचारीन. पण आधी नकाशा आण.”

आम्ही दोघे नकाशा पसरून बसलो. ग्रीसच्या मुख्य भूमीच्या आग्नेयेस एजियन समुद्र आहे. त्यात मूठभर खडे उधळावेत तशी लहानमोठी दोनशेहून अधिक बेटे विखुरलेली आहेत. त्यांपैकी सुमारे दोन डझन बेटांवरच मनुष्यवस्ती आहे. या समूहाला ग्रीक लोक ‘किक्लाडेस’ म्हणतात. ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ. डेलोस हे पवित्र बेट मध्यभागी आणि त्याच्याभोवती कडे करून उभी असलेली ही इतर बेटे, अशी प्राचीन ग्रीकांची कल्पना होती. गंमत अशी की, हा ‘किक्लोस’ आणि आपला ‘चक्र’ हे दोन्ही शब्द एकाच अतिप्राचीन शब्दापासून निघालेले भाऊ आहेत.

“म्हणजे ही चक्रद्वीपेच की!” नात म्हणाली. तिने लगेच नकाशाच्या कोपऱ्यात ते नाव लिहून टाकले.

आता तिचा कागद मी हाती घेतला. आठ दिवसांत सहा बेटे! सीरोस, टिनोस, मिकोनोस व डेलोस मिळून एक मुक्काम, पारोस, नाक्सोस आणि शेवटी सान्तोरिनी. आठव्या दिवशी सकाळी सान्तोरिनीहून जहाज, सायंकाळी अथेन्सचे बंदर आणि त्याच रात्री मुंबईचे विमान. अक्षर सुरेख होते, रकाने रेखीव होते. पण प्रवास रकान्यांतून होत नसतो.

मी पहिला प्रश्न विचारला, “एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यास किती वेळ लागतो?”

“पारोसहून नाक्सोसला तासाभराच्या आतच!” ती म्हणाली.

“तो जहाजाचा वेळ झाला. आपला किती?”

मग तिने बोटे मोडून हिशेब केला. सामान बांधणे, खोली सोडणे, धक्क्यावर तासभर आधी पोचणे, जहाजाची वाट पाहणे, उतरणे, नवा मुक्काम शोधणे, सामान पुन्हा सोडणे. तासाभराच्या जलप्रवासासाठी अर्धा दिवस खर्ची पडत होता. सहा मुक्काम म्हणजे आठांपैकी तीन दिवस नुसते बोचकी बांधण्यात व सोडण्यात जाणार! तिने काही न बोलता कागदावर एक बारीक खूण केली.

दुसरा प्रश्न मी विचारला, “या प्रवासात सर्वांत हळू कोण चालेल?”

“आजी. तिचे गुडघे दुखतात.”

“मग आखणी आजीच्या पावलांनी व्हावयास हवी. पथकाची चाल ही नेहमी सर्वांत मागच्या माणसाची चाल असते.”

तिने दुसरी खूण केली. मग मी तिसरा प्रश्न विचारला, “आणि वाऱ्याला विचारलेस का?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. वाऱ्याला काय विचारायचे असते?

मुलांनो, उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक जोरदार वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख असते, पावसाचा थेंब नसतो. तरीही समुद्र पांढऱ्या फेसाने उसळत असतो. आज त्याला ‘मेल्तेमी’ म्हणतात. प्राचीन ग्रीक लोक त्याला ज्या नावाने ओळखत त्याचा अर्थ ‘दरवर्षीचा वारा’ असा होतो. आपल्या मोसमी वाऱ्याचे नावही ‘मोसम’ म्हणजे ऋतू या शब्दावरून आले आहे. पण या दोन वाऱ्यांचे नाते केवळ नावापुरते नाही. उन्हाळ्यात आशिया खंडाची भूमी तापते. हवा हलकी होऊन वर जाते आणि वायव्य भारतापासून इराणवरून थेट तुर्कस्तानापर्यंत कमी दाबाचा एक पट्टा पसरतो. याच कमी दाबाकडे अरबी समुद्रावरची बाष्पयुक्त हवा ओढली जाते, तो आपला पावसाळा. आणि या पट्ट्याच्या पश्चिम टोकाकडे, बाल्कन प्रदेशावरील जास्त दाबाकडून हवा निघते, तो एजियनचा कोरडा वारा. एकाच तापलेल्या भूमीने दोन समुद्रांवर धाडलेले हे दोन निरोप आहेत म्हणा ना!

म्हणूनच आपल्याकडे कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच त्या पुन्हा लोटतात. समुद्राच्या मर्जीबाहेर जाऊ नये, हे शहाणपण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. माझे वडील ही हकीकत सांगू लागले की त्यांचा आवाज खाली येई. एजियन समुद्रानेही असे बळी घेतले आहेत. सप्टेंबर 2000 मध्ये एका वादळी रात्री पारोस बेटाजवळ एक प्रवासी जहाज खडकावर आदळले आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली.

वाऱ्याचा जोर मोजण्याचे एक माप आहे. फ्रान्सिस बोफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये ते तयार केले. त्यात शून्यापासून बारापर्यंत अंक आहेत. शून्य म्हणजे धूर सरळ वर जावा इतकी शांतता; आठ म्हणजे ताशी 62 ते 74 किलोमीटर वेगाचा वारा. वारा ठराविक अंकापलीकडे गेला की ग्रीसमधील बंदराचे अधिकारी जहाजांना निघण्यास मनाई करतात. लहान होड्यांना आणि वेगवान नौकांना ही मनाई आधी लागू होते, मोठ्या जहाजांना नंतर. तिकीट खिशात असो वा नसो, त्या दिवशी कोणीही हलू शकत नाही.

हे सारे ऐकून नातीने आपला कागद पुन्हा वाचला. आठव्या दिवसाच्या रकान्यावर तिचे बोट थांबले. “आजोबा, शेवटच्या दिवशी वारा सुटला तर विमान चुकेल!”

मला लाल पेन्सिलीची गरजच पडली नाही.

दुसरी आखणी तिने आठवडाभर केली. या वेळी तिने प्रत्येक बेटाला विचारले, ‘तुझ्याकडे आम्ही का यावे?’ ज्या तीन बेटांनी उत्तर दिले ती ठेवली. सान्तोरिनी ज्वालामुखीसाठी, नाक्सोस आजीच्या विसाव्यासाठी आणि मिकोनोस डेलोससाठी. डेलोसवर रात्री राहता येत नाही. शेजारच्या मिकोनोसहून होडीने अर्ध्या तासात जावयाचे आणि त्याच दिवशी परत यावयाचे, असा तेथील नियम आहे.

मग क्रम ठरला. “सर्वांत दूरचे बेट आधी,” असे तिने स्वतःच शोधून काढले. सान्तोरिनी सर्वांत दक्षिणेस आहे. तेथे आधी जावे आणि मग एकेक पाऊल अथेन्सकडे सरकावे, म्हणजे सुटी संपत येते तेव्हा आपण घराच्या वाटेवर असतो. काळही ठरला. मेल्तेमी जुलै व ऑगस्टमध्ये जोर धरतो, गर्दीही त्याच दिवसांत लोटते. म्हणून मेची अखेर व जूनचा आरंभ निवडला. पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान तीन महिने उरते की नाही, हे तिने पाहिले. व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, हे वहीत टिपले. उन्हाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास मागे असते, हेही लिहिले. वर्तुळाच्या गणितात येणारी ‘पाय’ ही खूण मुळात ग्रीक वर्णमालेतील अक्षर आहे आणि अथेन्सच्या पिरेअस बंदराचे नाव त्याच अक्षराने सुरू होते, हे कळल्यावर ती ग्रीक अक्षरे गिरवू लागली.

कागद पूर्ण झाला. अकरा दिवसांचा प्रवास. पण दहावा रकाना कोराच होता.

“येथे काय आहे?” मी विचारले.

“काही नाही,” ती म्हणाली, “हा दिवस वाऱ्याचा.”

मी मान डोलावली. पुढे त्या कोऱ्या रकान्यानेच आमची लाज राखली.

आम्ही निघालो. पिरेअसहून मोठ्या जहाजाने सुमारे आठ तासांनी सान्तोरिनीला पोचलो. समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे, तांबूस कडे आणि त्यांच्या माथ्यावर चुनखडीने रंगविलेली शुभ्र घरे! सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथील ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि तेथे समुद्र शिरला. त्या राखेखाली गाडले गेलेले अक्रोतिरी नावाचे नगर आम्ही पाहिले. त्याचे पद्धतशीर उत्खनन 1967 मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी सुरू केले. दोनतीन मजली घरे, रस्ते, सांडपाण्याची गटारे, भिंतींवरील चित्रे, सारे काही तेथे सापडले. परंतु इटलीतील पॉम्पेईप्रमाणे माणसांचे देह मात्र सापडले नाहीत. धरणीकंपाच्या धक्क्यांनी सावध होऊन लोक वेळीच नगर सोडून गेले असावेत, असे संशोधक मानतात. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीतही या भागात भूकंपाचे धक्के लागोपाठ बसू लागले, तेव्हा हजारो रहिवासी काही काळ बेट सोडून गेले. वेळीच निघणे, ही त्या बेटाची जुनी विद्याच आहे.

नाक्सोस हे या समूहातील सर्वांत मोठे बेट. तेथे सुमारे हजार मीटर उंचीचा डोंगर आहे, शेते आहेत, बटाट्याचे मळे आहेत. बंदराजवळ संगमरवराची एक भव्य चौकट एकटीच उभी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी आरंभलेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या मंदिराचे ते दार. आजी त्या दारासमोर शांतपणे बसली आणि मावळता सूर्य चौकटीत उतरेपर्यंत उठली नाही. “काहीच न पाहता इतके पाहिले मी!” असे ती म्हणाली.

सातव्या दिवशी आम्ही मिकोनोसला आलो. आठवा दिवस डेलोसचा होता. पहाटे जाग आली ती खिडकीच्या खडखडाटाने. आकाश निळेभोर होते, पण बंदरातील होड्या एकमेकींवर आदळत होत्या. धक्क्यावर सूचना लागली होती : आज एकही नौका सुटणार नाही. नवव्या दिवशीही तेच. आम्ही परत जाणार होतो ते जहाजही रद्द झाले. धक्क्यावर माणसांची दाटी झाली. कित्येकांची विमाने चुकणार होती. कोणी कपाळाला हात लावून बसले होते, कोणी अधिकाऱ्यांवर चिडत होते. आमची नात मात्र वही उघडून मला म्हणाली, “आजोबा, आपल्याकडे एक दिवस शिल्लक आहे.”

बंदरातून नैर्ऋत्येकडे डेलोसची बुटकी टेकडी दिसत होती. तिच्याकडे पाहत मी तिला एक गोष्ट सांगितली.

अथेन्सचे लोक दरवर्षी एक पवित्र जहाज डेलोसला पाठवीत. अपोलो या देवाचा जन्म त्या बेटावर झाला, अशी त्यांची श्रद्धा होती. जहाज निघाल्यापासून परत येईपर्यंत अथेन्समध्ये कोणालाही देहान्त शिक्षा द्यावयाची नाही, असा नियम होता. वारा प्रतिकूल असला की या यात्रेला बराच काळ लागे. इ. स. पू. 399 मध्ये त्या जहाजावर माळ चढविली गेली आणि दुसऱ्याच दिवशी सॉक्रेटिस या थोर तत्त्वज्ञाचा खटला चालून त्याला मृत्यूची शिक्षा झाली. पण जहाज परतले नव्हते. सुमारे एक महिना सॉक्रेटिस तुरुंगात राहिला. त्याचे मित्र व शिष्य रोज त्याला भेटावयास येत. तो त्यांच्याशी न्याय, सत्य आणि आत्मा यांविषयी पूर्वीसारखाच शांतपणे बोलत राहिला. जहाज आले, आणि मग त्याने विषाचा पेला घेतला.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्याचे ते सगळे दिवस रिकामेच होते. आणि त्याने ते रिकामे जाऊ दिले नाहीत.”

दहाव्या दिवशी सकाळी वारा थोडा पडला. दुपारी मोठे जहाज सुटेल, अशी सूचना लागली. डेलोसच्या लहान होड्या मात्र अजून बांधलेल्याच होत्या. धक्क्यावरचा एक नावाडी हाताने खूण करून सांगू लागला, “उद्या! उद्या सकाळी नक्की!”

नातीचे डोळे चमकले. “आजोबा, आपण थांबू या! उद्या पहाटे डेलोस पाहू, लगेच जहाज पकडू आणि रात्रीच्या विमानाला—”

ती मध्येच थांबली. माझ्याकडे न पाहताच हळू आवाजात म्हणाली, “हा माझा पहिला कागद झाला.”

“होय,” मी म्हटले.

“पण आजोबा, डेलोस तुमचे होते ना!” तिचे डोळे भरून आले.

खरे सांगतो मुलांनो, मलाही त्या क्षणी थांबावेसे वाटले. इतकी वर्षे ज्या ठिपक्यावर पट्टी ठेवली तो अर्ध्या तासाच्या अंतरावर होता. पण वाऱ्यासाठी राखलेला दिवस आम्ही वाऱ्याला देऊन चुकलो होतो. आता आमच्यापाशी खर्चावयास दुसरा दिवस नव्हता. समुद्राकडून उसने घेऊ नये, हे मला माझ्या वडिलांनी शिकविले होते. मी तिचा हात धरला आणि आम्ही मोठ्या जहाजाची शिडी चढलो.

जहाज निघाले. आम्ही दोघे डेकवर उभे राहिलो. ती टेकडी हळूहळू लहान होत गेली आणि शेवटी नकाशातल्यासारखाच एक ठिपका उरला. अकराव्या दिवशी आम्ही विमानात बसलो, तेव्हा नातीने वहीचे नवे पान उघडले. त्यावर तिने वरच्या ओळीत लिहिले, ‘डेलोस’; आणि त्याच्याखाली दोन रकाने कोरे सोडले.

मुलांनो, आखणी करणारा माणूस आणि आखणीचा गुलाम झालेला माणूस यांत पुष्कळ अंतर आहे. पहिला आपल्या बरोबरच्या माणसांची पावले मोजतो, निसर्गाचे वेळापत्रक आधी वाचतो आणि आपले नंतर लिहितो. अभ्यासाचे असो, सहलीचे असो वा आयुष्याचे असो, वेळापत्रक करताना एक रकाना कोरा ठेवा. वारा सुटला नाही तर तो दिवस तुमचाच आहे. आणि सुटलाच तर तुम्ही धक्क्यावर चिडून उभे राहणार नाही.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोनतीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) किक्लाडेस या नावाचा अर्थ काय? त्याचे ‘चक्र’ या शब्दाशी कोणते नाते आहे?
(आ) मेल्तेमी वारा आणि आपला मोसमी वारा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
(इ) नातीच्या पहिल्या आखणीत कोणत्या तीन उणिवा होत्या?
(ई) दूरचे बेट आधी पाहण्यात कोणता शहाणपणा होता?

2. पुढील वाक्यांचे स्पष्टीकरण करा.
(अ) “काहीच न पाहता इतके पाहिले मी!”
(आ) “हा माझा पहिला कागद झाला.”
(इ) समुद्राकडून उसने घेऊ नये.

3. डेलोस न पाहता परतण्याचा आजोबांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो काय? सकारण लिहा.

4. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : प्राणास मुकणे, कपाळाला हात लावणे, लाज राखणे, डोळे भरून येणे.

5. तुमच्या घरातील सर्व माणसांना बरोबर घेऊन जवळच्या एखाद्या स्थळी तीन दिवसांच्या सहलीची आखणी करा. सर्वांत हळू कोण चालेल आणि कोरा वेळ कोठे ठेवाल, हे त्यात अवश्य लिहा.